दाजींच्या कमरेचं माप

"श्वास सोडा, दाजी."

"सोडलाय की."

"नाही सोडलेला. पोट आत घेतलंय तुम्ही."

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका फिसकन हसल्या. दाजीही हसले आणि मग त्यांनी श्वास सोडला. टेप माझ्या बोटांतून सरकली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, या दोन्हींच्या मधोमध टेप धरायची असं आम्हाला शिकवलं होतं. मी वाकून आकडा वाचला आणि पुन्हा एकदा वाचला.

"कंबर त्र्याण्णव," मी शेजारी लिहायला बसलेल्या मुलीला सांगितलं. "नितंब अठ्ठ्याऐंशी."

"ए, चौतीस इंच लिही," दाजी म्हणाले. "पँट चौतीसचीच लागते मला. अठरा वर्षं झाली."

"पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता, दाजी. मला वरचं माप लागतं."

"वरचं माप शिंप्यालासुद्धा लागत नाही!"

पुन्हा हशा झाला. दाजींना हशा आवडायचा. आमच्या विट्याच्या हायस्कुलात ते खेळाचे सर होते, काशीद सर. गळ्यात शिट्टी नसेल तर त्यांचं त्यांनाच चुकल्यासारखं वाटायचं. बारीक पाय, काटकुळे हात, ताठ मान. वजन एकसष्ट किलो, कॉलेज सोडलं तेव्हा होतं तेवढंच. हे ते सगळ्यांना सांगायचे. छातीखाली एक छोटं, टणक, गोल पोट आलं होतं, पण शर्ट सैल असायचा, आणि पंचेचाळिशीच्या पुरुषाला पोट येणारच, त्यात काय बघायचं?

त्यांच्या आधी माझी बहीण काट्यावर उभी राहिली होती. हेमाताई. तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि देवासमोर उभं राहावं तशी डोळे मिटून उभी राहिली.

"सांभाळून गं बाई, सरकारी काटा आहे!" दाजी मागून ओरडले. "मोडला तर माझ्या पगारातून कापतील!"

एक्याऐंशी किलो. ताईच्या मांड्या जड, नितंब जड, दंड जड. लहानपणापासूनच. आईच्या अंगावर गेली होती ती. कंबर मात्र शहाऐंशी भरली आणि नितंब एकशे एकोणीस. तो आकडा मी मुद्दाम हळू आवाजात सांगितला. तरी दाजींनी ऐकलाच. "शतक ठोकलं!" असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई चपला घालत मान खाली घालून हसली. ते हसू मला पाठ होतं.

हे सगळं शहाण्णव सालच्या डिसेंबरातलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि एका संस्थेच्या आरोग्य पाहणीत काम करत होते. गल्लोगल्ली समाजमंदिरात टेबल मांडायचं, सकाळी लोकांना उपाशीपोटी बोलवायचं, वजन-उंची, कंबर, रक्तदाब घ्यायचा, रक्ताची बाटली भरून चिठ्ठी लावायची. त्या दिवशी आमच्या ताईची गल्ली होती.

दाजींबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही. मी नववीत असताना आमचे वडील गेले. त्यानंतर मला विट्याला आणून शिकवलं ते दाजींनी. सायकल शिकवली ती दाजींनी. "पोरीनं गावोगाव फिरायची नोकरी कशाला करायची" म्हणून आई रडत बसली, तेव्हा तिची समजूत घातली तीही दाजींनीच. "मंदाला जाऊ दे, आई. माझी जबाबदारी." त्यांच्यापुढे मी आवाज चढवून कधी बोलले नव्हते. तशी गरजही कधी पडली नव्हती.

चौथ्या दिवशी, सोमवारी, डॉक्टर शिकलगार मॅडमनी मला आत बोलावलं. त्या आमच्या पाहणीच्या प्रमुख. पन्नाशीच्या, शांत, बोलताना चष्मा पुसत बसायची सवय.

"बळवंत काशीद तुझ्या नात्यातले ना?"

"माझे दाजी."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठ्याहत्तर. रक्तातली चरबी चारशेच्या वर. रक्तदाब तर मीच घेतला होता, एकशे अठ्ठावन्न आणि शंभर. तेव्हा दाजी म्हणाले होते, तुझ्या यंत्रात बिघाड आहे.

"आणि ताईचा?"

"तिचा बघ." दुसरा कागद आला. "साखर अठ्ठ्याऐंशी. सगळं स्वच्छ. तिच्या गुडघ्यांची काळजी घ्यायला लागेल, वजन थोडं उतरवलेलं बरं. पण घाई नाही. घाई आहे ती यांची."

"पण मॅडम, दाजी तर बारीक आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "काट्याला वजन कळतं, मंदा. ते कुठं साठलंय ते कळत नाही. तुझ्या बहिणीच्या मांड्यांवर जी चरबी आहे ना, ती कणगीतल्या धान्यासारखी. जागा अडवते, पण गप पडून राहते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती, यकृतात जी साठते ती गप बसत नाही. ती सारखी रक्तात उतरत राहते. साखर चढवते, दाब चढवते, हृदयाच्या नळ्या खराब करते. हातपाय काड्या आणि पोट पुढं, अशी माणसं आपल्याकडं गल्लीगल्लीत आहेत. आणि त्यांना सगळे म्हणतात, काय तब्येत राखलीय!"

"काय करायचं मग?"

"औषध आजच सुरू व्हायला पाहिजे, आणि हृदयाचा आलेख काढायला पाहिजे. आपल्याला इथं उपचार करता येत नाहीत, तुला माहीत आहे. तू त्यांना घेऊन ये. मी कराडच्या दवाखान्याला चिठ्ठी देते."

मी तशीच सायकल मारत हायस्कूलच्या मैदानावर गेले. शनिवारी तालुक्याच्या क्रीडास्पर्धा होत्या आणि यजमान आमचं हायस्कूल. फक्कीच्या रेषा आखायचं काम चाललं होतं. दाजी उन्हात उभे राहून पोरांना ओरडत होते. मी त्यांना बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि कागद दाखवला.

त्यांनी तो वाचला. चेहरा जराही बदलला नाही. मग ते मोठ्यानं हसले.

"अगं वेडे, चिठ्ठ्या बदलल्यात! हा हेमाचा रिपोर्ट आहे."

"नाही दाजी. बाटल्यांवर चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या."

"मग तूच चुकलीस. ओळीनं दोन काशीद. एकाची दुसऱ्याला लागली. तूच सांग, या मैदानाला रोज चार फेऱ्या मारणाऱ्या माणसाला साखर होईल, की जिना चढताना धापा टाकणाऱ्या बाईला?"

रोजच्या चार फेऱ्या ही सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट होती. आता ते शिट्टी घेऊन मधोमध उभे राहायचे आणि फेऱ्या पोरं मारायची. हे मला माहीत होतं. पण मी म्हटलं ते एवढंच, "रक्तदाब तर समोरच घेतला होता ना, दाजी."

"स्पर्धेचं टेन्शन आहे."

"तहान लागते ना तुम्हाला फार? ताई म्हणत होती, जेवलं की लगेच झोप येते."

"मंदा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसाच. "शनिवारपर्यंत थांब. स्पर्धा पार पडू दे. रविवारी तू म्हणशील तिथं येतो, म्हणशील तेवढं रक्त देतो. पण तोवर हेमाला यातलं काही बोलायचं नाही. ती उगाच घर डोक्यावर घेईल. शपथ घे."

मी शपथ घेतली. आज सत्तावीस वर्षांनी लिहितानासुद्धा हे वाक्य हाताला जड जातं.

त्याच संध्याकाळी ताईकडे गेले, तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ज्वारीचं पीठ मळत होती. डोळे सुजलेले. चूल पेटलेली, पण परातीत पीठ एकाच माणसाचं.

"कळलं मला," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"माझ्या रक्तात साखर निघाली ते. यांनी सांगितलं. चरबीपण चारशेवर आहे म्हणे. तू सांगायला घाबरत होतीस, म्हणून यांनीच सांगितलं."

मी दाराकडे पाहिलं. दाजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हलकेच मान हलवली. त्यात धाक नव्हता. होती ती विनंतीच. त्यांना स्वतःला ते खरंच वाटत होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. चिठ्ठ्या बदलल्या हे त्यांनी दुपारी टाकीपाशी म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत त्यावर त्यांचा पक्का विश्वास बसला होता.

"ताई, अजून नक्की नाही काही," मी म्हटलं. "कधी कधी चूक होते. पुन्हा तपासायचंय."

"चूक कशी होईल?" ती म्हणाली आणि पिठाचे हात पसरून तिनं स्वतःकडे पाहिलं. "माझ्याकडं बघ की. कुणालाही विचार रस्त्यात, साखर हिला आहे की यांना. कुणी सांगेल."

"तू जेवण मात्र सोडू नकोस."

"सोडत नाही. सकाळी अर्धी भाकरी घेते आणि रात्री ताक. हे म्हणाले, महिन्याभरात फरक पडेल. पहाटे मैदानावर नेणार आहेत." मग हळू आवाजात, बाहेरच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, "चांगले आहेत गं. दुसरा कुणी असता तर टाकून दिलं असतं मला. हे म्हणतात, तुला मी बरी करणार."

मी तिच्यासाठी आणलेली पेरू-केळ्यांची पिशवी परत घेऊन घरी आले.

मंगळवारी मी शिकलगार मॅडमना सगळं सांगितलं. बुधवारी त्या स्वतः ताईच्या घरी आल्या. दाजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, पोरं जिल्ह्याला कशी खेळली ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सर, पुन्हा एकदा रक्त देऊन टाका, आत्ता. मी सुई घेऊन आले आहे." दाजी हात जोडून म्हणाले, "मॅडम, आत्ता पोटात तिसरा चहा आहे. रविवारी सकाळी उपाशी येतो. दोघं येतो." ते इतकं आदबीनं बोलले की मॅडमनी सुई पुन्हा पिशवीत ठेवली. त्यांनी ताईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही जेवताय ना नीट?" ताई म्हणाली, "हो." पथ्य मॅडमनीच सांगितलंय, असं दाजींनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे हा प्रश्न म्हणजे परीक्षा आहे, असं तिला वाटलं असणार.

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "बहिणीला खरं सांग."

"शपथ घेतलीय, मॅडम."

"शपथ मोडल्यानं कुणी मरत नाही." एवढं बोलून त्या रिक्षात बसल्या.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शुक्रवारी मी ताईच्या दारापर्यंत जाऊन आले. आत दाजी तिला वजन सांगत होते. दीड किलो उतरलं होतं आणि ते खरंच आनंदले होते. "बघ! बघ! मी म्हटलं नव्हतं?" ताईसुद्धा हसत होती. त्या दोघांना इतक्या वर्षांत एकमेकांशी असं बोलताना मी पाहिलं नव्हतं. मी चप्पल काढली नाही. तशीच माघारी वळले. रविवार दोनच दिवसांवर आला होता.

शनिवारी मैदानावर मांडव होता. अकरा गावांच्या शाळा आल्या होत्या. मी सुट्टी काढून गेले होते. दाजींवर नजर ठेवायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये सकाळपासून धावपळ करत होते. साडेअकराच्या सुमाराला ताई त्यांचा डबा घेऊन आली. उन्हातून चालत आलेली, ओठ कोरडे पडलेले. तिनं डबा माझ्या हातात दिला आणि मांडवाच्या खांबाला धरून हळूच खाली बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही. अंधारी आली."

तेवढ्यात मी पलीकडे पाहिलं. दाजी लांब उडीच्या खड्ड्यापाशी वाळूच्या कडेला बसले होते. ते कधी बसायचे नाहीत. शर्ट पाठीला चिकटला होता. डिसेंबरचं ऊन, एवढा घाम यायचं कारण नव्हतं. मी डबा तिथंच ठेवून धावले.

"दाजी!"

"ऍसिडिटी आहे," ते म्हणाले. "सकाळी वडापाव खाल्ला. जबडा कसा अवघडल्यासारखा झालाय." ते आपल्या डाव्या हाताची बोटं मिटत-उघडत होते.

मुख्याध्यापक आले. दोघं शिक्षक आले. कुणीतरी सोडा आणला. "सर, सोडा घ्या, ढेकर आली की मोकळं वाटेल."

"दवाखान्यात न्यायला पाहिजे," मी म्हटलं. "आत्ता. गाडी काढा कुणीतरी."

"अहो, काशीद सरांना काय व्हायचंय?" मुख्याध्यापक हसून म्हणाले. "आमच्यात तेच तर एक तंदुरुस्त!"

स्पर्धेसाठी एक तरुण डॉक्टर बोलावले होते. ते पेटी घेऊन लगबगीनं आले आणि दाजींपाशी वाकले. तेवढ्यात मांडवाकडून बायकांचा आरडाओरडा आला. "पडली, पडली, काशीद बाई पडल्या!" ताई खांबापाशी कलंडली होती.

डॉक्टर एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

दाजींनी त्यांचा हात धरला आणि तिकडे ढकलला. श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाले, "आधी तिला बघा. तिला शुगर आहे. माझं काही नाही. तिला बघा, डॉक्टर. पळा."

डॉक्टर पळाले. त्यांचंही काय चुकलं? एकीकडे ऐंशी किलोची बेशुद्ध बाई आणि दुसरीकडे सोडा पिणारा शिडशिडीत माणूस.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ओरडले असेन. "शुगर तिला नाही! शुगर दाजींना आहे! ती उपाशी आहे फक्त! डॉक्टर, इकडं या!" ध्वनिक्षेपकावर शंभर मीटरच्या अंतिम फेरीची नावं पुकारत होते. त्यात माझा आवाज कुठंच पोहोचला नाही. दाजींच्या कानांवर मात्र पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. काहीतरी विचारायचं होतं त्यांना. मग ते वाळूवर एका अंगावर झाले.

डॉक्टर परत येईस्तोवर पाच-सात मिनिटं गेली असतील. ताईला साखरपाणी पाजल्यावर तिनं लगेच डोळे उघडले होते. दाजींची नाडी हाताला लागली आणि डॉक्टरांचा चेहराच उतरला. जीप निघाली. मागच्या बाकावर दाजी, त्यांचं डोकं ताईच्या मांडीवर, पायाशी मी आणि डॉक्टर. गळिताचा हंगाम होता. कराडच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ट्रॅक्टरवाले हळूहळू बाजू देत होते. डॉक्टर छाती दाबत होते. ताई सारखी म्हणत होती, "अहो, माझं बरं आहे आता. अहो, बघा, मी बरी आहे." कडेगाव मागे पडलं आणि डॉक्टरांनी हात थांबवले. ताईच्या ते लक्षातच आलं नाही. आणखी पाच-सहा किलोमीटर ती तसंच सांगत राहिली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. ताईच्या सासरची मंडळी गावी गेली. ताई आणि मी दोघीच घरात होतो. दुपारी मी भाकरी टाकली. तिनं ताटातली अर्धी मोडून बाजूला ठेवली.

"पूर्ण खा, ताई."

"पथ्य आहे ना."

मी तवा उतरवला, चुलीपुढे तशीच बसून राहिले आणि मग सगळं सांगितलं. टाकीपासून शपथेपर्यंत, मॅडमच्या कणगीपासून शुक्रवारी दारातून मागे फिरले तिथपर्यंत. काही लपवलं नाही. ती ऐकत होती. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "म्हणजे माझ्यात काही नव्हतं?"

"काही नव्हतं."

"आणि त्यांना ठाऊक होतं?"

"कागद वाचला होता त्यांनी. त्यांना पटला नाही. तुझाच आहे असं वाटलं त्यांना. मनापासून वाटलं."

बाहेर कुणीतरी हातपंप हापसत होतं. मला वाटलं, आता ती रडेल, मला शिव्या देईल, निदान घरातून जा म्हणेल. मी त्याचीच वाट बघत होते. त्यातलं काहीही सोपं गेलं असतं.

ती उठली. उठताना तिनं हात माझ्या खांद्यावर टेकला. केवढा भक्कम हात होता तो.

"मला सांगायचं होतंस, मंदा," ती म्हणाली. "नसते आले ना ते, तर पाठुंगळीला मारून नेलं असतं मी त्यांना कराडला."